दंडाची पावती पहाटेही फाडा

इंग्लंडमधल्या काउन्सिलनी, म्हणजे तिथल्या नगरपालिकांनी, रस्ते घाण करणाऱ्यांना दंड करावा की नाही, याबद्दल माझ्या मनात कसलाही संभ्रम नाही. करावाच. माझं भांडण आहे ते हा दंड नेमका कुणाला होतो आणि कोण कायम सुटतो यावर.

सिगारेटचं थोटूक किंवा च्युइंगम रस्त्यावर टाकणं हा इथे १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. प्रकरण कोर्टात गेलं तर २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. पण सहसा तिथवर जात नाही. वॉर्डन, म्हणजे काउन्सिलसाठी गस्त घालणारा माणूस, जागेवरच दंडाची नोटीस देतो, ती मुदतीत भरली की खटला होत नाही. या नोटिशीची कमाल रक्कम २०२३ च्या जुलैअखेर १५० पौंडांवरून थेट ५०० वर गेली. कुत्र्याच्या घाणीसाठी मात्र काउन्सिल २०१४ च्या समाजविघातक वर्तनाविरुद्धच्या कायद्यातून त्या त्या जागेपुरता आदेश काढतात आणि त्यातल्या नोटिशीला तेव्हा १०० पौंडांची मर्यादा होती. २०२३ च्या वाढीत ती १०० वरच राहिली. म्हणजे त्या वाढीनंतर थोटकाला पाचशेपर्यंत आणि मुलं खेळतात त्या गवतावरच्या घाणीला फार तर शंभर! मला हे अजिबात पटलं नाही.

कारण ही घाण नुसती किळसवाणी नाही. कुत्र्याच्या विष्ठेतून टॉक्सोकारा नावाच्या जंताची अंडी मातीत जातात. ताज्या विष्ठेतली अंडी लगेच बाधक नसतात, ती तशी व्हायला काही आठवडे लागतात. पण मग विष्ठा पावसात विरघळून दिसेनाशी झाली तरी अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. मातीत खेळून हात तोंडात घालणाऱ्या लहान मुलांना धोका सगळ्यात जास्त. आजार क्वचितच होतो, पण डोळ्यापर्यंत पोचला तर दृष्टी जाऊ शकते. "पावसाने धुऊन जाईल" म्हणणाऱ्या प्रत्येक कुत्रेवाल्याला हे माहीत असायला हवं.

आता वॉर्डन कुठे उभे असतात ते बघा. भर दुपारी, स्टेशनबाहेर, दुकानांच्या रांगेत. तिथे थोटकं टाकणारे हमखास सापडतात. कुत्र्याला मोकळं सोडून फोनमध्ये डोकं घालणारा माणूस सापडतो पहाटे, नाहीतर हिवाळ्यातल्या अंधारात, मैदानाच्या पार टोकाला. त्याला पकडायचं तर थंडीत तासन्‌तास थांबावं लागतं आणि तरी हाती एखादीच नोटीस लागते. काही काउन्सिलनी हे काम खाजगी कंपन्यांना दिलंय, आणि जिथे कंपनीची कमाई नोटिशींच्या संख्येवर ठरते तिथे ती आपली माणसं पहाटे मैदानावर कशाला पाठवेल? दंड हे उत्पन्नाचं साधन मानू नये, असं सरकारच्याच मार्गदर्शक सूचना सांगतात. मग नोटीसमागे पैसे देणारे करार मुळात होतातच कसे?

कुत्र्यांच्या डीएनएची नोंद ठेवून विष्ठेवरून मालक शोधायचा, असाही एक प्रयोग लंडनच्या बार्किंग अँड डॅगनममध्ये झाला. मला ती कल्पना लंगडी वाटते. नोंदणी ऐच्छिक असेल तर ती करणार जबाबदार मालकच, आणि ते आधीपासूनच पिशवी घेऊन फिरतात. त्यापेक्षा इंग्लंडमधल्याच डॅव्हेंट्रीच्या काउन्सिलने २०१५ मध्ये केलं ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं. कुत्रा फिरवताना घाण उचलायचं साधन जवळ नसेल तर तेवढ्यावरच दंड. घाण करतानाच पकडायची गरज उरत नाही, वॉर्डनने फक्त विचारायचं, "पिशवी दाखवा." एखाद्याने शेवटची पिशवी नुकतीच वापरली असेल तर हातात भरलेली पिशवी दिसेलच की!

तुमच्या भागात हा त्रास असेल तर नुसते फोटो टाकून थांबू नका. माहिती अधिकाराच्या कायद्याखाली काउन्सिलला ईमेल करा. तीन गोष्टी विचारा: गेल्या वर्षी कुत्र्याच्या घाणीसाठी किती नोटिसा दिल्या, वॉर्डन किती ते किती वाजेपर्यंत काम करतात, आणि कंपनी असेल तर तिला पैसे कशाच्या हिशोबाने मिळतात. अर्जाला फी नाही आणि सहसा कामकाजाच्या २० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर घेऊन आपल्या काउन्सिलरला भेटा. मीही माझ्या भागासाठी हा अर्ज लिहायला घेतलाय. कुणाला मसुदा हवा असेल तर खाली सांगा, पाठवतो.