भाजल्यानंतरची साखर आणि ग्लुकोमीटरवरचा आरोप

नौपाड्यातल्या माझ्या मधुमेही मावशीच्या हातावर कुकरची वाफ आली आणि त्याच आठवड्यात तिच्या फोनवर एक संदेश आला. ‘भाजलेल्या उंदरांवरच्या प्रयोगात ग्लुकोमीटरचा आणि प्रयोगशाळेचा आकडा जुळला नाही, म्हणजे ग्लुकोमीटर नेहमी जास्तच दाखवतो, भाजल्यावर वाढलेली साखर खरी नसते, इन्सुलिन बंद करा, प्रयोगशाळेचा आकडा तेवढाच खरा,’ असा त्याचा मजकूर. मावशीने बोटाच्या थेंबातली साखर मोजणारे ते यंत्र कपाटात टाकले आणि दोन दिवस इन्सुलिन घेतले नाही. वाशीच्या प्रयोगशाळेत रोज रक्ताचे नमुने हाताळणाऱ्या मला हे कळल्यावर राहवले नाही.

सर्वांत घातक मुद्दा इन्सुलिनचा. मोठ्या प्रमाणावर भाजल्यावर शरीरात अ‍ॅड्रेनालिन, कॉर्टिसॉल आणि ग्लुकागॉन ही संप्रेरके वाढतात, यकृत रक्तात साखर ओतत राहते आणि इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. ही वाढ खरी असते. ग्लुकोमीटरची पट्टी न वापरता नसेतले रक्त तपासले तरी ती दिसते, प्राण्यांत आणि माणसांतही. मावशीची जखम लहान आहे हे मान्य, पण जिचे रोजचे इन्सुलिन चालू आहे तिने ते परस्पर थांबवले तर साखर चढते, जखमेत जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि प्रसंगी रक्तात कीटोन (चरबी जळताना बनणारे आम्लधर्मी पदार्थ) साचून जिवावर बेतते. असले सल्ले पुढे ढकलणाऱ्यांनी एवढा तरी विचार करायला हवा होता.

‘नेहमी जास्तच’ हेही चूक आहे, मात्र त्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने कबूल करते. पट्टीवरचा आकडा रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणावर अवलंबून असतो. गंभीर भाजण्यात पहिल्या दिवशी रक्तातले पाणी झिरपून रक्त घट्ट होते, तेव्हा पट्टी कमी दाखवू शकते. पुढे शस्त्रक्रिया आणि सलाइन यांमुळे रक्त पातळ झाले की ती जास्त दाखवते. शिरेतून क जीवनसत्त्वाचे मोठे डोस दिले असतील तर काही पट्ट्यांचा आकडा फुगतो. ही अतिदक्षता विभागातली गोष्ट आहे, मावशीच्या स्वयंपाकघरातली नव्हे.

उंदरांविषयी थोडक्यात. घरगुती यंत्राचे गणित माणसाच्या रक्तावर बसवलेले असते. माणसाच्या रक्तातली सुमारे ४२ टक्के साखर पेशींत असते, कुत्र्याच्या रक्तातली सुमारे १२.५ टक्के, प्राणी बदलला की गणित बदलते. शिवाय झायलाझिनसारख्या भुलीच्या औषधाने प्राण्याची साखर खरोखर वाढते. शेपटीचा थेंब भुलीआधी आणि हृदयातले रक्त भुलीनंतर घेतले, तर दोन्ही यंत्रे बिनचूक असूनही आकडे जुळणार नाहीत.

आणि प्रयोगशाळेचा आकडा? साध्या नळीत रक्त तसेच राहिले, तर पेशी दर तासाला त्यातली सुमारे ५ ते ७ टक्के साखर खाऊन टाकतात. नौपाड्यातून निघालेली पेटी ऐरोलीच्या पुलावर अडकून वाशीला पोहोचेपर्यंत काय होत असेल, ते मी रोज पाहते. फ्लुओराइडची करड्या झाकणाची नळी त्यासाठीच असते, पण तिचाही परिणाम पूर्ण व्हायला वेळ लागतो.

घरगुती ग्लुकोमीटरसाठी आयएसओ १५१९७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. २०१३च्या आवृत्तीनुसार दर डेसिलिटरला १०० मिलीग्रॅम किंवा त्याहून जास्त साखरेला ९५ टक्के आकडे प्रयोगशाळेच्या १५ टक्क्यांच्या आत, आणि त्याखाली १५ मिलीग्रॅमच्या आत असावे लागतात. थोडा फरक गृहीतच धरलेला आहे. तो सापडला म्हणून यंत्र खोटे ठरत नाही.

मावशीने काल डॉक्टरांना फोन करून इन्सुलिन पुन्हा सुरू केले आहे. उद्या सकाळी उपाशीपोटी, हात साबणाने धुऊन कोरडे केल्यावर, तिच्या न भाजलेल्या हाताच्या बोटाचा थेंब आणि त्याच हाताच्या नसेतले रक्त मी एकाच वेळी घेणार आहे आणि करड्या झाकणाची नळी बर्फात ठेवून स्वतः वाशीला नेणार आहे.