सवलतीची गाडी आणि सोयाबीनचा हिशेब : एका प्रतिक्रियेला उत्तर

जालन्याहून प्रतिक्रिया पाठवणाऱ्या वाचकांना सप्रेम नमस्कार.

मंदीच्या काळात मराठवाड्यात मोटारसायकलचा खप घटतो आणि दारातली गाडी बाळगणे महाग होत जाते, अशा आशयाच्या माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजार रुपयांवर गेले असतानाच दुचाकींचा खप तळाला गेला, म्हणून शेतमालाच्या भावाशी जोडलेले माझे गणित चुकते, हा पहिला. मंदीत विक्रेते सूट देतात, म्हणून खरेदीला तोच काळ उत्तम, हा दुसरा. २०२५च्या दसऱ्याला शोरूमपुढे रांगा असताना मंदीची भाषा करून मी लोकांना घाबरवतो आहे, हा तिसरा. तिन्ही आक्षेप विचार करायला लावणारे आहेत.

प्रथम माझी एक चूक मान्य करतो. देशातील दुचाकींचा खप २०१८-१९ मध्ये सुमारे २.११ कोटी होता, तो २०१९-२० मध्ये १.७४ कोटींवर आणि २०२१-२२ मध्ये सुमारे १.३५ कोटींवर आला. ही सगळी घसरण मी मंदीच्या खात्यावर लिहिली होती, आणि ते बरोबर नव्हते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाई देणारा) एकदम काढणे सक्तीचे झाले, त्यामुळे शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर जिथे वर्षाचे ७२० रुपये भरायचे होते तिथे ३,२८५ रुपये पहिल्याच दिवशी मोजावे लागले. एप्रिल २०१९ मध्ये ब्रेकचे नवे नियम आले आणि एप्रिल २०२० मध्ये गाडीच्या धुराचे बीएस-६ हे कडक निकष आले. दोन्हींनी किंमत वाढवली. याच सुमारास आयएल अँड एफएस या बड्या वित्त कंपनीने कर्जफेड थकवल्यानंतर बिगरबँक वित्त कंपन्यांनी हात आखडता घेतला, आणि खेड्यातल्या गाड्या मुख्यतः याच कंपन्यांच्या कर्जावर विकल्या जातात. गाडी महागली, कर्ज अवघड झाले आणि उत्पन्न आटले. माझ्या लेखात यातले शेवटचेच कारण दिसत होते.

आता सोयाबीन. भाव दहा हजारांना टेकला तो ऑगस्ट २०२१ मध्ये, आणि त्या महिन्यात आपल्याकडच्या किती शेतकऱ्यांच्या घरात सोयाबीनचे पोते शिल्लक असते, हे आपण जालन्यात राहून जाणताच. जुना माल दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत विकून झालेला होता आणि नवा माल अजून रानात उभा होता. पुढे १२ लाख टन सोयापेंडीच्या आयातीला परवानगी मिळाली, भाव उतरू लागले, आणि सप्टेंबरच्या अखेरीस गुलाब चक्रीवादळाच्या पावसाने मांजरा, तेरणा आणि गोदावरीकाठची काढणीला आलेली पिके पाण्यात गेली. त्याआधी एप्रिल-मे महिन्यांत कोरोनाच्या दुसऱ्या लाटेने घराघरांतली शिल्लक दवाखान्यात गेली होती. दहा हजारांचा भाव खरा होता, पण ज्याच्या हाती तो पडायला हवा होता त्याच्या हाती तो पडला नाही. म्हणूनच मी फलकावरच्या भावापेक्षा, माल विकला त्या दिवशी हाती आलेल्या रकमेकडे पाहतो. रस्त्यावर येईपर्यंत ९०,००० रुपयांना पडणारी गाडी धरली, तर क्विंटलला ४,२०० रुपयांच्या भावाने तिच्यासाठी २१ क्विंटलांहून अधिक सोयाबीन लागते. एकरी पाच क्विंटल उतारा धरला तर ते चार एकरांहून अधिक रानाचे सगळे पीक झाले, आणि त्यातून बियाणे, खत, फवारणी व काढणीची मजुरी अजून वजा करायची आहे.

सवलतीच्या मुद्द्यावर मात्र मी आपल्याशी ठामपणे असहमत आहे. चार-पाच हजारांची सूट मिळते हे खरे आहे, परंतु रोखीने गाडी घेणारा आपल्या भागात विरळा. समजा, ७०,००० रुपयांचे कर्ज तीन वर्षांसाठी दहा टक्के ‘फ्लॅट’ व्याजाने घेतले. व्याज २१,००० रुपये होते आणि हप्ता सुमारे २,५२८ रुपयांचा बसतो. मुद्दल दर महिन्याला कमी होत असतानाही व्याज मूळ रकमेवरच आकारले जात असल्यामुळे, घटत्या शिलकीच्या पद्धतीने पाहिल्यास हा दर जवळपास १८ टक्के पडतो. काउंटरवर मिळालेली सूट पहिल्या वर्षाच्या व्याजातच संपते. शिवाय हप्ता दर महिन्याला येतो आणि कोरडवाहू शेतकऱ्याचा पैसा वर्षातून एक-दोनदाच येतो. गंगाखेड तालुक्यातील माझ्या चुलतभावाने अशीच सवलतीत गाडी घेतली होती. दोन हप्ते थकले आणि भर बाजारातून त्याची गाडी ओढून नेली. भरलेले हप्ते तर गेलेच, पण चार लोकांसमोर झालेला तो अपमान त्याला अजून विसरता आलेला नाही. हे मी जवळून पाहिले आहे, आणि सवलतीविषयी लिहिताना ते मला बाजूला ठेवता येत नाही.

गाडी बाळगण्याच्या खर्चाचा मुद्दा आपण दोन ओळींत सोडून दिला आहे, आणि माझ्या दृष्टीने लेखाचा गाभा तोच होता. रोज ४० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस चालणारी गाडी लिटरला ६० किलोमीटर देत असेल, तर वर्षाला २०० लिटर पेट्रोल लागते. दर १०५ रुपये धरला तर ते २१,००० रुपये होतात. इंधनाचा दर मंदी पाहून उतरतोच असे नाही; मे २०२०मध्ये, टाळेबंदीने सगळे ठप्प असताना, केंद्राने पेट्रोलवरील कर लिटरमागे दहा रुपयांनी वाढवला होता. परभणीत तर मनमाडहून होणाऱ्या वाहतुकीचा भार पडून पेट्रोल राज्यातल्या सर्वांत महाग दरांपैकी एका दराने मिळते. उत्पन्न घटले की माणूस नवी गाडी लांबणीवर टाकतो आणि जुनीच ओढत राहतो. मग चेन-स्प्रॉकेट, क्लचप्लेट, टायर आणि शेवटी हाफ इंजिनचे काम निघते. नवी न परवडणारे गिऱ्हाईक जुन्या बाजाराकडे वळते, म्हणून तिथेही बऱ्या गाडीचा भाव उतरत नाही. आणि पैसे वाचवायला लोक सर्वांत आधी विमा सोडतात. शंभर सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा वर्षाला ७१४ रुपये अधिक कर इतकाच आहे. तो नसल्याचा पहिला दंड २,००० रुपये आहे, आणि अपघातात कोणी जायबंदी झाले तर भरपाईचा बोजा थेट मालकाच्या सातबाऱ्यापर्यंत पोहोचू शकतो.

दसऱ्याच्या रांगा मीही पाहिल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, आणि पूर्ण लाभ ग्राहकाला दिला तर शोरूमच्या किमतीत पावणेआठ टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. मात्र त्याच आठवड्यात धाराशिव, बीड, लातूरच्या शिवारांत पाणी साचले होते. सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झालेला असताना बाजारात भिजलेला माल त्याहून बराच खाली गेला. रांगेत पगारदार होते, व्यापारी होते, आणि त्यांच्या आनंदाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. ज्यांची माती वाहून गेली ते त्या रांगेत नव्हते, आणि माझा लेख त्यांच्याविषयी होता.

“मग आमच्या पोरांनी गाडी घ्यायचीच नाही का?” असे आपण शेवटी विचारले आहे. अवश्य घ्यावी, एसटी दिवसातून दोनदा येणाऱ्या गावात गाडीवाचून कॉलेज, दवाखाना आणि बाजार तिन्ही लांब पडतात. माल विकून पैसे हाती आल्यावर निम्मी रक्कम आधी भरावी, घटत्या शिलकीवरचा व्याजदर लेखी मागून घ्यावा, आणि वर्षाचे पेट्रोल, विमा व दुरुस्ती मिळून होणारी रक्कम हप्त्यात मिळवून मगच सही करावी. आपल्या पुतण्यासाठी असा हिशेब मांडायचा असल्यास त्याचे रोजचे अंतर आणि कर्जाच्या अटी कळवा, मी तो करून पाठवीन.