‘मीटर लावून घाबरवतात, काम शून्य’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. तुमचा एक ताऱ्याचा रिव्ह्यू वाचला, जॉबकार्ड काढलं, गॅरेजमधल्या मुलांना विचारलं आणि मगच लिहायला बसलो. बाकीच्यांना संदर्भ लागेल म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. रेडिओ मधेच बंद पडायचा म्हणून तुम्ही गाडी आमच्याकडे दिलीत. दोन दिवस ठेवून आम्ही ‘अर्थिंगचं काम’ (करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत जातो त्या जोडणीचं काम) या नावाखाली पैसे घेतले. आठवड्यानं गाडी तीन दिवस उभी राहिली आणि बॅटरी पार उतरली. मग जंप देऊन गाडी सुरू केलीत, घरी रेडिओ बाहेर ओढलात, फ्यूज उडालेला दिसला तो बदललात, आणि सगळं चालू झालं. म्हणजे बिघाड फ्यूजचा होता आणि आम्ही उगाच मीटर लावून घाबरवलं.

आधी आमची चूक, कारण ती खरी आहे. गाडी परत देताना कुलूप लावून, सगळं बंद ठेवून ती किती करंट खातेय हे आम्ही बघतो. तुमच्या कार्डावर तो आकडा लिहिलेला आहे: ०.४८ अँपिअर. बंद गाडीला ०.०३ ते ०.०५ च्या आसपास पुरतं. आमच्या मुलानं कुलूप लावल्यावर पाच मिनिटांतच माप घेतलं, ‘गाडीचे कॉम्प्युटर अजून जागे असतील, उतरेल आकडा’ असं धरून चालला आणि परत बघितलं नाही. मीही सही करताना तो आकडा वाचला नाही. अर्ध्या तासानं पुन्हा बघायला हवं होतं. ०.४८ म्हणजे दिवसाला साडेअकरा अँपिअर-तास. तुमची बॅटरी ४५ ची. तीन दिवसांत ३४ च्या वर गेले, मग स्टार्टर काय फिरणार? तुमची ती सकाळ आमच्यामुळे वाया गेली. माफ करा.

अर्थिंगचं काम मात्र खोटं नव्हतं, आणि इथे मी मागे हटणार नाही. पंखा चारवर टाकला की रेडिओ जातो, हे तुम्हीच सांगितलं होतंत. रेडिओची ती तक्रार मोलाची होती, कारण रेडिओ आतून खराब असेल तर त्याला पंख्याशी काय देणंघेणं? म्हणून रेडिओ न उघडता आम्ही मीटरची एक पिन रेडिओच्या काळ्या वायरला आणि दुसरी थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. इंजिन चालू, पंखा पूर्ण. तिथे जवळपास शून्य दिसायला हवं. तुमच्या गाडीत आकडा नाचत होता, कधी अर्धा व्होल्ट तर कधी चार. चौदातले चार वाटेतच गेल्यावर रेडिओला राहिले दहा, आणि एवढ्यावर बरेच रेडिओ मान टाकतात. डॅशबोर्डमागे पंख्याची आणि रेडिओची अर्थ एकाच बोल्टला होती, तो सैल होता आणि लगखाली (वायरच्या टोकाच्या धातूच्या कड्याखाली) गंज. रंग खरवडला, लग बदलला, बोल्ट आवळला. नंतर ०.०५ व्होल्ट. त्यानंतर पंख्यामुळे रेडिओ गेला, असं तुमच्या रिव्ह्यूतही कुठे नाही. दोन दिवस लागले ते तो बोल्ट शोधायला. आवळायला पाच मिनिटं पुरली, हेही कबूल.

आता फ्यूज. उडालेला फ्यूज बॅटरी उतरवू शकत नाही. उलट त्याच्या पुढचं सगळं तोडून तो बॅटरी वाचवतो. तो बहुतेक तुम्ही रेडिओ बाहेर ओढलात तेव्हा उडाला असावा. निगेटिव्ह न काढता रेडिओ ओढला आणि मागची पिवळी वायर कुठे फ्रेमला टेकली की एवढं पुरतं. कारण ती वायर चावी काढली तरी जिवंत असते, स्टेशनं आणि घड्याळ लक्षात राहावं म्हणून. लाल वायर चावीसोबत येते-जाते. (हे रंग बाजारातून घेतलेल्या रेडिओच्या वायरिंगचे. कंपनीच्या वायरिंगचे रंग वेगळे असतात, तिथे रंगावर विसंबू नका, मीटरनं बघा.)

पण तुमच्या फोटोत नवा फ्यूज हिरवा दिसतोय. हिरवा म्हणजे ३० अँपिअरचा. तिथे निळा होता, १५ चा. कृपया तो आजच काढा, बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल. फ्यूज रेडिओपेक्षाही वायरच्या रक्षणासाठी असतो. १५ च्या हिशोबाची वायर ३० चा फ्यूज उडायच्या आधी तापते आणि डॅशबोर्डच्या आत जळते. ‘मोठा टाकला, आता उडत नाही’ असं अभिमानानं सांगणारी गाडी महिन्यातून एकदा तरी आमच्याकडे येते.

मग ते ०.४८ खातंय कोण? माझा संशय सीटखालच्या अँप्लिफायरवर, म्हणजे स्पीकरचा आवाज वाढवणाऱ्या डब्यावर आहे. तो आम्ही लावलेला नाही, आणि तक्रार रेडिओची होती म्हणून आम्ही त्याला हातही लावला नाही. अँप्लिफायरला जागं करणारी निळी-पांढरी वायर रेडिओच्या त्याच रंगाच्या वायरला जायला हवी. लावणाऱ्यानं घाईत ती पिवळीला जोडली असेल, तर अँप्लिफायर रात्रभर जागा राहतो. रात्री गाडी बंद करा आणि सकाळी दार उघडताच त्याच्या डब्यावर हात ठेवा. कोमट लागला तर चोर सापडला. आणि तसंच असेल, तर फ्यूज उडालेला होता तोवर तुमची बॅटरी सुरक्षित होती. तुम्ही तो बदललात तेव्हापासून गळती पुन्हा सुरू आहे.

तुमच्याकडे मीटर आहे असं फोटोवरून दिसतं, तर हेही घरी करता येईल. बॉनेट उघडं ठेवा, दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरनं मिटवा म्हणजे गाडीला दार बंद वाटेल, चावी लांब ठेवा आणि निदान अर्धा तास थांबा. मग फ्यूज न काढता प्रत्येकाच्या पाठीवरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर मिलिव्होल्टमध्ये माप घ्या. शून्य असेल तर त्या वाटेनं काही जात नाही. जिथे आकडा दिसेल तिथे थांबा. फ्यूज उपटत गेलात तर कॉम्प्युटर पुन्हा जागे होतात आणि अर्धा तास वाया जातो, आमचंही सुरुवातीला हेच व्हायचं. फ्यूजच्या डब्यात सगळीकडे शून्य आलं, तरी अँप्लिफायरचा स्वतंत्र फ्यूज बॅटरीजवळ जाड वायरवर असतो, तो विसरू नका. एकूण करंट मोजायचा असेल तर मीटर निगेटिव्हच्या मालिकेत (बॅटरी आणि तिची सोडवलेली निगेटिव्ह केबल यांच्या मध्ये), लाल पिन १० अँपिअरच्या भोकात, आणि त्या वेळी चुकूनही स्टार्टर मारू नका. काम झालं की लाल पिन परत व्होल्टच्या भोकात घाला. ती तिथेच विसरून बॅटरी तपासायला जाणं म्हणजे सरळ शॉर्ट.

रेडिओ परत ओढणार असाल तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडवा. काही रेडिओ त्यानंतर कोड मागतात, तो हाताशी आहे ना बघा. आणि डॅशबोर्डमध्ये पिवळं कव्हर किंवा पिवळा कनेक्टर असलेली वायर दिसली तर टेस्ट लॅम्प (करंट येतोय का बघायचा दिवा) लावू नका, ती एअरबॅगची.

बॅटरी पूर्ण उतरली होती, तेव्हा नुसतं गाडी फिरवून ती भरेल असं समजू नका. चार्जरवर सावकाश भरा, काही तास तशीच ठेवा आणि मग मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास टिकली तर ठीक. भरूनही १२.४ च्या खाली घसरत राहिली तर सांगा. त्या दिवशी आमच्याकडे ती १२.६ होती आणि इंजिन चालू असताना चार्जिंग १४.२, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर शंका नको.

अर्थिंगचे पैसे परत करणार नाही, ते काम झालेलं आहे. गळती शोधणं आणि बंद करणं मात्र आमच्याकडून, काहीही न घेता, कारण ती त्याच दिवशी पकडायला हवी होती. दुपारनंतर कधीही या, गाडी संध्याकाळपर्यंत लागेल. आणि तो उडालेला फ्यूज टाकून दिला नसेल तर घेऊन या. आतली पट्टी नुसती मधोमध वितळलीय की सगळं पारदर्शक प्लास्टिक काळं पडलंय, ते मला बघायचं आहे. काळं असेल तर तो थेट शॉर्ट होता, आणि मग त्या पिवळ्या वायरचं इन्सुलेशन कुठे सोललंय ते रेडिओ परत बसवायच्या आधी शोधावं लागेल.