जात्यावर बसलं की ओवी सुचायला हवी ना!

गेमिंगवाले ज्याला ‘ग्राइंड’ म्हणतात, त्याला मी घरी ‘दळण’ म्हणतो. बायकोने विचारलं, “काय रे, संपली का तुझी ती गेम?” की उत्तर ठरलेलं: “नाही गं, दळतोय.” म्हणजे तीच लांडग्यांची टोळी, तेच डाकू पुन्हा पुन्हा मारायचे, आपल्या पात्राची लेव्हल (ताकदीची पायरी) वाढेपर्यंत.

खरं सांगायचं तर मला दळणाचा राग नाही. दिवसभर मीटिंगांमध्ये डोकं शिणलं की निवांत चार राक्षस मारायला बरं वाटतं. आणि साइड मिशन, म्हणजे मुख्य कथेबाहेरचं छोटं काम, चांगलं असेल तर दळण जाणवतही नाही. ‘विचर ३’मध्ये (२०१५) सुरुवातीलाच एक म्हातारी भेटते. तिचा तवा एका बंद झोपडीत अडकलाय, तेवढा काढून दे म्हणते. जग वाचवायला निघालेला आपला हिरो तवा आणायला जातो! आत बघतो तर रक्त, जळालेले कागद, आणि शाई करायला तव्याची काजळी खरवडून नेलेली. पाच मिनिटांचं काम, बक्षीस नावापुरतं, पण मी ते तीनदा खेळलोय.

आता ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’ घ्या, २०१८ची. प्राचीन ग्रीस काय देखणा उभा केलाय! पण मुख्य कथेच्या पुढच्या टप्प्याला तुमची लेव्हल कमी पडते, मग फिरा बेटाबेटांवर किरकोळ कामं करत. आणि गेमच्याच दुकानात खऱ्या पैशांनी मिळणारा बूस्टर: कायमचा ५० टक्के जास्त एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारे गुण. म्हणजे पूर्ण किंमत मोजून गेम घ्यायची आणि ती कमी खेळावी लागावी म्हणून वर आणखी पैसे द्यायचे. काहीजण म्हणतात, बूस्टरची गरजच नाही, निवांत खेळा. असेलही. पण रस्ता आखणारा आणि शॉर्टकट विकणारा एकच असेल, तर रस्ता मुद्दाम लांबवला नाही यावर मी विश्वास का ठेवू?

हा निव्वळ संशय नाही. ‘शॅडो ऑफ वॉर’ ही गेम २०१७मध्ये लूट बॉक्स घेऊन आली, म्हणजे आत काय निघेल ते आधी न कळणाऱ्या पेट्या, गेममधल्या दुकानात खऱ्या पैशांनीही मिळणाऱ्या. खरा शेवट बघायचा तर किल्ल्यांवरचे हल्ले परतवत बसायचं, एकामागून एक. ओरड झाली. जुलै २०१८मध्ये गेम बनवणाऱ्यांनी ते दुकान काढून टाकलं आणि त्याच अपडेटमध्ये तो शेवटचा भागही आटोपशीर केला. दुकान गेल्यावर दळणही कमी झालं, यातून काय समजायचं ते समजा.

असा ‘तवा’ तुम्हाला कुठल्या गेममध्ये सापडला असेल तर सांगा. पोरगी झोपल्यावर साडेदहा ते बारा, एवढाच वेळ असतो माझ्याकडे.