कुत्र्याच्या मिश्या पार्लरमध्ये सोडून येऊ नका

ग्रूमिंग पार्लरमधून बाहेर पडलेल्या कुत्र्यांचे फोटो हल्ली रोज दिसतात. शिट्झू असो की पूडल, तोंड एकदम गुळगुळीत. 'क्लीन फेस' पॅकेजमध्येच असतो म्हणे. त्या सफाईत मिश्याही जातात आणि मालकाला कुणी विचारत नाही. मालकही विचारत नाही, कारण मिश्या म्हणजे वाढलेले केस अशीच समजूत असते.

मिशीचा केस अंगावरच्या केसांपेक्षा जाड, ताठ आणि बराच खोल रुजलेला असतो. मुळाभोवती रक्ताने भरलेली छोटी पिशवी असते आणि तिथेच मज्जातंतूंची टोकं दाटीने असतात. केस स्वतः निर्जीव. पण गळाला मासा लागला की काठी धरलेल्या हाताला कळतं ना, तसंच इथे होतं. टोकाला काही लागलं, अगदी वाऱ्याची झुळूक आली, तरी मूळ किंचित हलतं आणि चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेतून खबर मेंदूपर्यंत जाते.

मिश्या फक्त नाकाच्या बाजूला नसतात. डोळ्यांच्या वर असतात, हनुवटीखाली असतात, गालावरही असतात. गालावरच्या मिश्या ज्यातून उगवतात तो छोटा उंचवटा गोचीड समजून ओढणारे महाभाग मी पाहिलेत! डोळ्यावरच्या मिशीला हळूच बोट लावून बघा, बहुतेक वेळा पापणी लगेच मिटते. झुडपात तोंड खुपसणाऱ्या प्राण्याला काटा डोळ्यात जाण्याआधी हा इशारा मिळतो.

हनुवटीखालच्या मिश्यांचं मला विशेष वाटतं. कुत्र्याला अगदी जवळचं स्पष्ट दिसत नाही, त्यात स्वतःचंच नाकाड आडवं येतं. नाकाखाली पडलेलं बिस्किट तो डोळ्यांनी शोधत नाही. वास असतोच, पण जमीन किंवा भांड्याचा तळ किती जवळ आलाय हे या मिश्या सांगतात.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर कमेंटमध्ये भांडण ठरलेलं. मिश्यांवरचं बरंचसं संशोधन उंदीर, मांजर आणि सील यांच्यावर झालंय. उंदीर मिश्या सेकंदाला अनेकदा मागेपुढे फिरवून जागा चाचपतो, कुत्रा तसं करत नाही. 2001 साली जर्मन संशोधकांनी दाखवलं, की डोळे झाकलेला सील पाण्यात उरलेल्या लाटांचा माग नुसत्या मिश्यांनी काढतो. सील कुत्र्याचा लांबचा नातेवाईक खरा, पण म्हणून आपला मोत्या तसं करेल असं नाही. मिश्या कापल्या की कुत्र्याचा तोल जातो वगैरे जे फॉरवर्ड फिरतात, त्यांवरही विश्वास ठेवू नका. कापताना दुखत नाही (उपटल्या तर दुखतं) आणि त्या पुन्हा येतात.

मग कापल्या तर बिघडलं काय? माझा प्रश्न उलटा आहे. कापून कुत्र्याचं भलं काय झालं? फोटो बरा येतो, तो आपल्यासाठी. दर महिन्याला पार्लरला जाणाऱ्या कुत्र्याच्या मिश्या कधी नीट वाढतच नाहीत. मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला तर खुर्चीचा पाय कुठे आहे हे वासाने आणि स्पर्शानेच कळणार. त्यातला थोडा स्पर्शही आपण हौसेपायी काढून घ्यायचा?

घोड्यांच्या जगात हे पटलंय. तोंडावरचे स्पर्शकेस काढलेल्या घोड्याला आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या स्पर्धांत 1 जुलै 2021 पासून उतरता येत नाही. तिथेही आधी 'नीटनेटकं दिसतं' हेच कारण सांगितलं जायचं.

टाके घालायचे असतील, त्वचेला संसर्ग असेल, तर डॉक्टर म्हणतील तेवढं काढावंच लागतं. शिट्झूच्या डोळ्यात टोचणारे केसही कापायलाच हवेत, पण कात्रीने, बघून. बाकी वेळी मशीन सुरू होण्याआधीच सांगा, "दादा, मिश्या आणि डोळ्यांवरचे लांब केस ठेवा." 'फिनिशिंग येणार नाही' असं उत्तर मिळेल. नाही आलं तर नाही.