पत्ते अमेरिकेचे आणि भारत भाडेकरू?

व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून एक फॉरवर्ड डोकं वर काढतो. मजकूर साधारण असा: जगातले सगळे आयपी पत्ते (इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांना ओळखायचे क्रमांक) अमेरिकेच्या मालकीचे, भारताला ते मुद्दाम तुटपुंजे दिले, उद्या बिनसलं की अमेरिका ते काढून घेईल आणि आपण रातोरात ऑफलाइन. खाली ‘देशप्रेमी असाल तर पुढे पाठवा’ असतंच.

‘मालकी अमेरिकेची’

मोबाइल डेटा चालू ठेवा आणि फोनच्या सेटिंगमध्ये आयपी अ‍ॅड्रेस बघा. बहुतेकांना तिथे कोलनांनी तोडलेला एक लांबलचक पत्ता दिसेल, बहुधा २४० ने सुरू होणारा. आयपीव्ही६ या, भरपूर पत्ते असलेल्या नव्या पद्धतीतला २४० चा अख्खा पट्टा २००६ पासून एपनिककडे, म्हणजे आशिया-प्रशांत विभागाच्या नोंदणी संस्थेकडे आहे. तिचं कार्यालय ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनला. अशा संस्था जगात पाच. उरलेल्या चार म्हणजे राइप (युरोप, रशिया), एरिन (उत्तर अमेरिका), लॅकनिक (लॅटिन अमेरिका) आणि आफ्रिनिक (आफ्रिका). भारतातल्या कंपन्यांसाठी तर २०१२ पासून निक्सी या भारतीय इंटरनेट एक्स्चेंज संस्थेची आयआरआयएनएन ही देशातलीच नोंदणी आहे. एपनिकची कार्यकारिणी सभासद मतदानाने निवडतात, आणि सभासद म्हणजे मुख्यतः इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या.

या पाचांच्या वर आयाना ही मध्यवर्ती नोंदवही आहे. तिच्या कामावर अमेरिकी वाणिज्य खात्याची देखरेख होती, हे खरं. पण तो करार ३० सप्टेंबर २०१६ ला संपला. आयाना चालवणारी आयकॅन ही संस्था आजही कॅलिफोर्नियात नोंदलेली आहे आणि तिला तिथला कायदा लागतो. मालकीच्या दाव्यातलं तथ्य एवढंच, त्यापलीकडे नाही.

‘काढून घेतील आणि आपण बंद’

हा प्रयोग होता होता राहिला आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर युक्रेन सरकारने आयकॅनकडे रशियाची .रू ही डोमेनं बंद करण्याची आणि राइपकडे रशियन कंपन्यांचे पत्ते काढून घेण्याची मागणी केली. युद्ध ऐन भरात, युरोपची सहानुभूती युक्रेनकडे, आणि राइपचं कार्यालय अ‍ॅमस्टरडॅमला. तरी दोघांनीही नकार दिला. निर्बंधांच्या यादीत आलेल्या सभासदांची नोंद राइप गोठवते. त्यांना नवे पत्ते मिळत नाहीत, असलेले दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत. पण वापरात असलेले पत्ते चालू राहतात.

शिवाय नोंद खोडली म्हणून वाहतूक थांबत नाही. सातबाऱ्यावरचं नाव बदललं म्हणून उभं पीक त्याच क्षणी उपटलं जात नाही, तसंच हे. कोणता पत्ता कुठल्या वाटेने गाठायचा हे कंपन्यांचे राउटर बीजीपी नावाच्या ठरलेल्या पद्धतीने एकमेकांना सांगतात. नोंदणी संस्था त्या वाटेवर उभी नसते. आफ्रिनिकचंच बघा. २०२१ मध्ये मॉरिशसच्या न्यायालयाने तिची बँक खाती गोठवली, पुढे ती कित्येक महिने संचालक मंडळाविना अडखळत राहिली. आफ्रिकेतलं इंटरनेट त्यापायी बंद पडलं नाही.

मग बटण कोणाकडे असतं? जानेवारी २०११ मध्ये इजिप्तचं इंटरनेट काही मिनिटांत जगाच्या नकाशावरून गेलं. तिथल्याच सरकारने तिथल्याच कंपन्यांना मार्ग मागे घ्यायला लावले होते. आपल्याकडे ‘नेट बंद’चे आदेशही इथल्याच सरकारांचे असतात. आणि बाहेरच्याच धोक्याची काळजी करायची तर ती वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागणाऱ्या समुद्री केबलांची करा.

‘मुद्दाम तुटपुंजे दिले’

इथे फॉरवर्डवाल्याची तक्रार रास्त आहे, आरोपी मात्र चुकला. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीत पत्तेच जेमतेम ४२९ कोटी. सुरुवातीच्या काळात जो मागेल त्याला गठ्ठे मिळत, आणि मागणारे बहुतेक अमेरिकी होते. एमआयटी या एका विद्यापीठाला दीड कोटीहून जास्त पत्ते मिळाले. त्यातला काही हिस्सा २०१७ मध्ये त्यांनी अ‍ॅमेझॉनला विकला. अ‍ॅपलकडे तेवढाच गठ्ठा आजही आहे. ही खैरात झाली तेव्हा प्रादेशिक संस्था नव्हत्याच. त्या आल्या १९९२ पासून पुढे, आणि पत्ते गरज दाखवून घ्यायचे असा शिरस्ता त्यांनी लावला.

तोवर उशीर झाला होता. ३ फेब्रुवारी २०११ ला आयानाने शेवटचे पाच गठ्ठे पाच संस्थांना एकेक वाटले. त्याच एप्रिलपासून एपनिकने रेशनिंग सुरू केलं, आणि २०१९ पासून नव्या सभासदाच्या वाट्याला जास्तीत जास्त ५१२ पत्ते येतात. हा नियम जपानलाही आहे, भारतालाही.

त्याचा चटका सगळ्यात जास्त तालुक्याच्या गावातल्या केबलवाल्याला बसतो. हजारो जोडण्या आणि हातात ५१२ पत्ते. मग एका पत्त्यामागे अनेक ग्राहक कोंबायचे. सायबर पोलिसांचं पत्र येतं, त्यात आयपी आणि वेळ असते, पोर्ट क्रमांक, म्हणजे एकाच पत्त्यामागची जोडणी वेगळी ओळखायचा आकडा, नसतो. एवढ्यावरून नेमका ग्राहक सांगता येत नाही, कारण त्या मिनिटाला तो पत्ता अर्धी आळी वापरत असते. सुटका आयपीव्ही६ मध्ये आहे आणि मोबाइल कंपन्यांनी तो मोठ्या प्रमाणात आणलाही. घरोघरच्या जुन्या राउटरांमध्ये मात्र तो अजून बंदच असतो.