फेस माणसाला उचलत नाही, बुडवतो

'वर्षावनातल्या धबधब्यात पोहणं जगात सगळ्यात सुरक्षित' असा एक लांबलचक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. भाचीने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "म्हणजे पोहता न येणाऱ्यांनाही नेलं तर चालेल ना?" नाही, चालणार नाही. मेसेजमध्ये सहा दावे आहेत. त्यातला पहिला वाचून तर डोक्याला हात लावायची वेळ आली.

"फेसाळ पाण्यातले बुडबुडे माणसाला वर उचलतात, म्हणून धबधब्याखाली कुणी बुडत नाही."

हे शंभर टक्के उलटं आहे. पाणी आपल्याला तोलून धरतं ते त्याच्या वजनामुळे. ७० किलोचा माणूस साधारण ७० लिटर पाणी बाजूला सारतो, तेवढं पाणी सुमारे ७० किलोचा भार पेलतं आणि हिशेब जेमतेम जुळतो. छाती भरून श्वास घेतला तरी डोक्याचा थोडासाच भाग वर राहतो, तो म्हणूनच. आता त्याच पाण्यात दहा टक्के हवा मिसळा. तेच ७० लिटर ६३ किलोच पेलतील. उरलेले सात किलो कोण उचलणार? पोहायच्या साध्या ७० न्यूटनच्या लाइफ जॅकेटची सगळी ताकद म्हणजे हेच सात किलो. म्हणजे दहा टक्के हवेतच जॅकेट असून नसल्यासारखं होतं, आणि धार आदळते तिथे हवा याहून बरीच जास्त असते. शिवाय हात मारायला घट्ट पाणीच मिळत नाही, त्यामुळे पट्टीचा पोहणाराही तिथे जागच्या जागी धडपडत राहतो.

एवढ्यावर भागत नाही. कोसळणारी धार तळाशी जाते, थोडं पुढे जाऊन उकळल्यासारखी वर येते आणि तिथे फुटते. काही पाणी ओढ्याकडे निघतं, काही पृष्ठभागावरून परत धबधब्याकडे वळतं. या चक्रात सापडलेला माणूस वर येतो, मागे ओढला जातो, धारेखाली दाबला जातो, पुन्हा वर येतो. काठावरच्यांना वाटतं तो खेळतोय. अशा वेळी पृष्ठभागावरून ओढ्याकडे सरळ हात मारत बसणं म्हणजे दम संपवणं. धबधब्याच्या रुंदीला समांतर, आडवं सरकून चक्राच्या बाजूने बाहेर पडायचं. तेही जमत नसेल तर धारेबरोबर खाली जाऊन तळाच्या ओघाने पुढे निसटायचं. यानेही सुटका होईलच असं नाही, म्हणून मुळात आत जायचं नाही.

आत म्हणजे कुठपासून, हे ठरवायला उपकरण लागत नाही. काठावरून वाळक्या काटक्या वेगवेगळ्या अंतरावर टाका. जी काटकी धबधब्याकडे सरकते ती चक्रात पडली. जी शांतपणे ओढ्याकडे जाते, तिच्याही बरंच खाली पोहायची जागा बघा, आणि तिथून पुढे कातळांच्या फटीत पाणी शिरत नाही ना, तेही तपासा. फटीतून पाणी जातं, माणूस अडकतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या बाबिंडाला एकाच ओढ्यावर वरचा डोह पोहण्यासाठी आहे, आणि थोडं खाली ग्रॅनाइटच्या शिळांमधला 'डेव्हिल्स पूल' अनेकांचे जीव गेल्यामुळे बदनाम आहे. ओढा तोच, जंगलही तेच.

कुणी अडकलंच तर मागोमाग उडी टाकू नका. ओढ्याच्या बाजूला उभं राहून दोर किंवा तरंगणारी वस्तू फेका.

"ऊन पडलं असेल तर पाणी वाढत नाही."

ऊन तुमच्या डोक्यावर असतं. पाणी येतं ते वरच्या पाणलोटातून. वर्षावनातली जमीन आधीच भिजलेली असते, त्यामुळे डोंगरमाथ्यावरची एक जोरदार सर थेट ओढ्यात उतरते. पोचल्याबरोबर पाण्याच्या रेषेवरचा एक दगड हेरून ठेवा आणि दर काही मिनिटांनी त्याच्याकडे बघा. दगड बुडू लागला, पाणी गढूळ झालं, पानं-काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज जाडा झाला, यातलं एकही दिसलं की लगेच बाहेर पडा. पाणी अचानक कमी झालं तरीसुद्धा. वर कुठेतरी ओंडके अडकून बांध तयार झालेला असू शकतो आणि तो फुटतो. बाहेर पडायचं म्हणजे ओढ्याच्या पात्रातून पळायचं नाही, बाजूच्या उंच जागेवर चढायचं.

"वाहतं पाणी स्वतःच शुद्ध होतं, जंतू टिकत नाहीत."

ऑगस्ट-सप्टेंबर २००० मध्ये बोर्निओतल्या साबाह इथे 'इको-चॅलेंज' नावाची साहसी शर्यत झाली. स्पर्धक ३०४. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने त्यातल्या १८९ जणांना गाठून चौकशी केली, तर ८० जणांना लेप्टोस्पायरोसिससारखा (थोडक्यात 'लेप्टो', जंतुसंसर्गाने येणारा ताप) आजार झालेला. २९ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, मृत्यू मात्र एकही नाही. धोका वाढवणारी मुख्य गोष्ट कोणती निघाली? वर्षावनातल्या सेगामा नदीत पोहणं! आणि ती नदी वाहतीच होती.

लेप्टोचे जंतू उंदीर, डुकरं वगैरे प्राण्यांच्या मूत्रातून पाण्यात येतात आणि जखमेतून, डोळ्यांतून, नाका-तोंडातून शरीरात शिरतात. पाऊस जंगलातली सगळी घाण ओढ्यात धुऊन आणतो, म्हणून मोठ्या पावसानंतरचे दिवस जास्त वाईट. अंगावर उघडी जखम असेल तर उतरू नका, आणि ते पाणी गिळू नका. मेसेजच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की बिल्हार्झिया हा परजीवी आजार पसरवणाऱ्या गोगलगायी जोरदार ओघात सहसा टिकत नाहीत. पण त्याच डोहाच्या काठच्या संथ, पाणवनस्पतींच्या पाण्यात त्या आरामात राहतात, आणि नवखा माणूस उतरतो नेमका तिथेच.

"पाणी दिसतं त्याहून खोल असतं, बिनधास्त उडी मारा."

पहिला भाग खरा आहे, नाइलाजाने मान्य. नितळ पाण्यात सरळ वरून बघितलं तर खोली पाऊणच दिसते. म्हणजे दीड मीटर दिसणारा डोह दोन मीटरचा. पाच मीटरवरून मारलेली उडी पाण्याला टेकते ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास वेगाने, आणि त्याला दोन मीटर पुरत नाहीत. फेसात तर पाणी विरळ, म्हणजे तुम्ही आणखी खोल जाणार. प्रत्येक पुरात तळाचे दगड जागा बदलतात, त्यामुळे गेल्या वर्षीची माहितीही कुचकामी.

"धारेखाली उभं राहा, फुकट मालिश."

२० मीटरवरून सुटलेला दगड ताशी ७० किलोमीटरच्या वेगाने येतो. फांद्याही येतात. यावर आणखी काय बोलायचं?

"जळवा घातक नसतात." बरोबर, नसतात. सहापैकी हा एक दावा पास. नख आडवं सरकवून जळू सोडवा, मीठ किंवा आग लावू नका, आणि जागा साबणाने धुवा.

पोहून आल्यावर महिनाभरात ताप आला, पोटऱ्या जबर दुखल्या किंवा डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना 'व्हायरल असेल' एवढं सांगून थांबू नका. जंगलातल्या गोड्या पाण्यात अमुक तारखेला पोहलो होतो, हे आपणहून सांगा. लेप्टोवर साधी प्रतिजैविकं चालतात, फक्त ती वेळेत सुरू व्हावी लागतात.